मामलेदार शिवला

ससा हा पक्षी नाही, हे मला पूर्णपणे मान्य आहे. तरीही गेल्या ईस्टरच्या शनिवारी आमच्या नेपरव्हिलच्या घरात चार पदवीधर माणसांनी आणि पाचवीतल्या एका मुलीने मिळून एका सशाला कावळा म्हणून मान्यता दिली. विरोधात एकही मत पडलं नाही. सशाचं मत कोणी विचारलं नाही. तो जेवत होता.

मुळात ससे माझे नव्हेत, नीलाचे. नीला माझी बायको. तिला जाऊन त्या शनिवारी तिथीने वर्ष होत होतं. तीन वर्षांपूर्वीच्या जूनमध्ये ती प्राण्यांच्या शेल्टरमध्ये जुने टॉवेल द्यायला म्हणून गेली आणि दोन ससे घेऊन परत आली. इथे ईस्टरला लोक मुलांना ससे भेट देतात, फोटो काढतात, आणि शाळेला सुट्टी लागली की खोक्यात घालून शेल्टरच्या दारात ठेवून जातात. हे दोघे त्यातलेच. "अहो, ऐकताय ना? असं कसं टाकवतं माणसांना?" असं ती आठवडाभर मला विचारत होती. मी आठवडाभर 'हं' म्हणत होतो. (मी वाचत होतो.) तिचे वडील तहसील कचेरीत नोकरीला होते. त्यामुळे पांढऱ्या, लठ्ठ आणि प्रत्येक वस्तू हुंगून खात्री पटल्यावरच पुढे सरकणाऱ्या सशाचं नाव तिने मामलेदार ठेवलं आणि त्याच्या मागे मागे धावणाऱ्या करड्या, किडकिडीत सशाचं कारकून.

तिचा दुसरा नाद म्हणजे बेसबॉल. आमची नात मीरा गावच्या टीममध्ये खेळते. साठी उलटल्यावर नीलाने या खेळाचे नियम नातीकडून शिकून घेतले आणि दर शनिवारी घडीची खुर्ची, थर्मास आणि शेंगदाण्याचे लाडू घेऊन ती मैदानावर जाऊ लागली. मी कधी गेलो नाही. मी एका कॉलेजच्या लायब्ररीत एकतीस वर्षं पुस्तकांची वर्गवारी केली. ज्या खेळात बहुतेक लोक बहुतेक वेळ नुसतेच उभे असतात त्याला कुठल्या वर्गात घालायचं, असा एक विनोद मी दर शनिवारी करत असे. पहिल्या शनिवारी ती हसली होती.

निखिल आमचा एकुलता एक मुलगा. याच गावात, वीस मिनिटांवर राहतो. फेब्रुवारीत तो म्हणाला, "बाबा, एवढ्या मोठ्या घरात एकटे कशाला राहता? आमच्याकडे मूव्ह व्हा. खालची खोली रेडी आहे."

"हो ना, बाबा," त्याची बायको ऋचा म्हणाली आणि सलग सात वेळा शिंकली. तिला सशांची अ‍ॅलर्जी आहे. म्हणजे मी तिकडे जायचं तर ससे कुठेतरी तिसरीकडे जाणार, हे उघड होतं.

मला घर सोडायचं नव्हतं. आणि ससे तर मुळीच द्यायचे नव्हते. हे सगळं मी एका शब्दात सांगितलं. म्हणालो, "बघू."

संसारातले सगळे मोठे निर्णय मी या एका शब्दावर सोपवत आलो आहे. त्यानेही मला कधी दगा दिला नव्हता, कारण माझ्या वतीने बघायला नीला होती. या वेळी निखिलने बघितलं. मार्चअखेर त्याने ऑनलाइन एक कुटुंब शोधून काढलं. दोन लहान मुलं, मोठं बॅकयार्ड. रविवारी सकाळी दहाला ते येऊन ससे नेणार.

"ईस्टरच्या दिवशी?" मी विचारलं.

"परफेक्ट ना? मुलांना सरप्राइज!"

ज्या गोष्टीवरून नीलाने आठवडाभर जगाला शिव्या घातल्या, नेमकी तीच गोष्ट तिचा मुलगा तिच्याच सशांबाबत, तिच्या वर्षश्राद्धाच्या दुसऱ्या दिवशी करणार होता. कोणताही नवरा अशा वेळी कडाडला असता. मी म्हणालो, "बघू."

श्राद्धासाठी मॉरिसव्हिलहून माझी थोरली बहीण आली. ताई सत्त्याहत्तर वर्षांची आहे, तिकडे मुलाकडे असते, आणि श्राद्धपक्षाच्या बाबतीत तिच्या वर अपील नाही.

"आत्या, शुक्रवारी करू या का?" निखिलने भीत भीत विचारलं. "शनिवारी मीराची मॅच आहे. सीझनची पहिली."

"तिथी तुझ्या मॅचला विचारून येत नाही."

शनिवारी पहाटेपासून असा पाऊस लागला, की मॅचची वेळच अकराची एक झाली. 'मैदान वाळेल अशी आशा आहे,' असं कोचने कळवलं. (मैदान कसलं वाळतंय! आमच्या अंगणात बदकं आली होती.) म्हणजे सव्वाबाराला घर सोडायचं. न्यू जर्सीचे गुरुजी टॅबलेटवर आले. त्यांनाही घाई होती, बारा वाजता टेक्सासात त्यांची वास्तुशांत होती, तीही टॅबलेटवरच. साडेअकराला सगळं आटोपलं. खीर, वडे, आमसुलाची चटणी आणि काकडीची कोशिंबीर, कोथिंबीर पेरून, असं सगळं इंडियन स्टोअरच्या फ्रीझरमधून आणलेल्या केळीच्या पानावर वाढून मागच्या डेकच्या कठड्यावर ठेवलं. कावळा शिवला की आम्ही जेवायचं.

कावळा आला नाही. खार आली. ताईने तिला छत्रीने हुसकलं. पान कठड्यावरून उचलून टेबलाखाली पाटावर ठेवलं, म्हणजे खीर पातळ व्हायला नको. कावळा तरीही आला नाही. आम्ही पाच जण काचेच्या दाराला नाकं लावून उभे होतो. मीरा तर डोक्यावर कॅप, हातात ग्लोव्ह, पायात खिळ्यांचे बूट अशी.

"आजोबा, आय अ‍ॅम स्टार्विंग," ती म्हणाली.

निखिलने फोनमधून डोकं वर काढलं. "आत्या, इथे लिहिलंय, वर्षश्राद्धाला कावळा शिवायलाच हवा असं काही नाही."

"कुठे लिहिलंय?"

"इंटरनेटवर."

"मग इंटरनेटच्या घरच्या श्राद्धाला तसं करा," ताई म्हणाली. "दहाव्याला मला त्या फोनवर धड काही दिसलं नव्हतं. आज मी समक्ष आले आहे. तिचं काहीतरी राहिलंय, म्हणून शिवत नाही. चला, एकेक जण बोला. काय ते वचन द्या."

निखिल घसा खाकरून म्हणाला, "आई, बाबांना आम्ही एकटं ठेवणार नाही."

बाहेर नुसता पाऊस.

"हे तिला पटलेलं दिसत नाही," ताई म्हणाली. "खरं काहीतरी बोल."

निखिलने फोन खिशात ठेवला. मग त्याचा आवाज एकदम लहान मुलासारखा झाला. "आई, त्या थँक्सगिव्हिंगला माझी मीटिंग नव्हती. कंटाळा आला होता म्हणून आलो नाही. सॉरी."

ऋचाने नवऱ्याकडे पाहिलं आणि ती पुढे झाली. "आई, तुम्ही दर वर्षी लिंबाचं लोणचं द्यायचात ना, ते मी ऑफिसात वाटून टाकायचे. सगळं. बरणीसकट."

"बरणीसकट?" निखिल ओरडला. "आणि मला सांगायचीस, तूच संपवलंस म्हणून!"

"थांबा रे," ताई म्हणाली. तिने पदर सारखा केला. "नीला, तुझ्या पुरणपोळ्या उत्तम व्हायच्या. कडा जाड आहेत असं मी पस्तीस वर्षं म्हणत आले. कडा जाड नव्हत्या."

हे इतकं भयंकर होतं, की क्षणभर मला वाटलं, आता कावळ्यांचा थवाच उतरणार. कोणी उतरलं नाही. बारा वाजले. टॅबलेटमधले गुरुजी घड्याळ पाहू लागले. आणि मग सगळे माझ्याकडे वळले.

"अरू, आता तू," ताई म्हणाली.

"तसं पाहिलं तर," मी म्हणालो, "पाऊस चालू असताना कावळे सहसा झाडाच्या आतल्या फांद्यांवर दडून बसतात. मी एका पुस्तकात वाचलं होतं, की—"

"व्याख्यान नकोय. वचन दे."

"आजोबा," मीरा माझ्याकडे न बघता म्हणाली, "डिड यू टेल हर अबाउट द बनीज?"

नेमक्या त्याच क्षणी तो आला. काळाभोर, दणकट, भिजलेला. कुंपणावर बसला आणि मान वाकडी करून थेट माझ्याकडे बघू लागला. ताईने माझा दंड धरला. "बोल, अरू! बोल लवकर!"

एवढं एकच वाक्य बोलायचं होतं. नीला, तुझे ससे मी कुठेही जाऊ देणार नाही. सगळं तोंडात आलं होतं. मी तोंड उघडलं आणि म्हणालो, "बघू."

कावळा उडून गेला.

अवघड प्रसंग आला की मी काहीतरी कामाला लागतो. तसा शेजारच्या काचेच्या खोलीत सशांना गवत घालायला गेलो. तिथे त्यांचं जाळीचं घर आहे. गवत घातलं, पाणी बदललं, आणि खोलीचं डेकवर उघडणारं दार सरकवून कावळा परत येतोय का ते पाहत उभा राहिलो. जाळीची कडी लावायची राहिली आहे हे मला कळलं, तेव्हा माझ्या पायांमधून एक पांढरा गठ्ठा डेकवर निघाला होता. त्याच्या मागे कारकून होताच.

"बाबा! ससा! ससा बाहेर गेला!" निखिलची आरोळी आली.

मामलेदार पावसात दोनदा थांबला. पाट हुंगला. वडे हुंगले आणि नामंजूर केले. खीर नामंजूर केली. मग त्याने कोशिंबिरीवरची कोथिंबीर संपवली आणि केळीचं पानच एका कडेपासून शिस्तीत कुरतडायला घेतलं. दुसरी कड कारकुनाने धरली.

"सेफ!" मीरा बेसबॉलच्या पंचासारखे दोन्ही हात आडवे पसरून किंचाळली.

"आत्या, तो जेवण नाही घेत, ताट खातोय," निखिल म्हणाला.

टॅबलेटमधून गुरुजींनी विचारलं, "शिवलं का?"

ताईने एकदा डेककडे पाहिलं, एकदा घड्याळाकडे. तिच्या चेहऱ्यावर सगळं धर्मशास्त्र एका क्षणात येऊन गेलं. "शिवलं," ती म्हणाली.

"कोण?"

"घरचंच आहे."

"मग झालं. बसा जेवायला," असं म्हणून गुरुजी टेक्सासला गेले.

ऋचा शिंकत होती, निखिल टॉवेल घेऊन सशांमागे धावत होता, आणि ताई पदराने डोळे पुसत होती. "तिचा जीव यांच्यात अडकला होता, बघ," ती मला म्हणाली. मी मान हलवली. तेवढ्यात निखिल टॉवेलात मामलेदाराला गुंडाळून आत आला आणि म्हणाला, "जाऊ दे आत्या, उद्या ते जाणारच आहेत."

"कुठे जाणार?"

निखिलने सांगितलं. ताईने सगळं ऐकून घेतलं आणि माझ्याकडे वळली. "अरू, तू हो म्हणालास?"

"मी नाही म्हणालो नव्हतो."

मी सात वर्षांचा असताना तिची पाटी फोडून तिसऱ्याचं नाव सांगितलं होतं, तेव्हा तिने माझ्याकडे असंच पाहिलं होतं. मग ती पदर खोचून वाढायला गेली.

मीराला मैदानावर मी घेऊन गेलो. निखिलला डेक धुवायचं होतं आणि मला घरात कोणाच्या नजरेला नजर द्यायची नव्हती. वडे डब्यात घेतले. मैदानाच्या पार्किंगमध्ये गाडी लावली आणि कोचचा मेसेज आला: मॅच कॅन्सल. समोर मैदानाचं तळं झालं होतं. मी गाडी सुरू करणार तोच मीरा म्हणाली, "कॅन वी सिट फॉर अ बिट? आजी आणि मी बसायचो."

"मॅच नसली तरी?"

"हो. इट रेन्स अ लॉट इन एप्रिल, आजोबा." तिने डबा उघडला. "आम्ही लाडू खायचो आणि स्कोअर मेक अप करायचो."

"म्हणजे?"

"आजी म्हणायची, घरी गेल्यावर आजोबांनी स्कोअर विचारला तर काहीतरी भारी सांगू या. वन टाइम वी मेड इट ट्वेंटी-टू टू नथिंग. आणि मी चार होम रन मारले." ती वडा खात होती. "इट वॉज सो फनी."

"मग? काय म्हणालो मी?"

"यू नेव्हर आस्क्ड," ती म्हणाली. कुठलाही राग नाही, तक्रार नाही. पावसाबद्दल बोलावं तसं. मग डबा माझ्यापुढे धरला. "वडा?"

मी वडा घेतला. खाल्ला की नाही ते आठवत नाही.

रविवारी बरोबर दहाला बेल वाजली. पाऊस होताच. दारात ईस्टरच्या कपड्यांत आई, वडील, गुलाबी फ्रॉकमधली मुलगी, बो टाय लावलेला मुलगा आणि रिबिनी बांधलेली मोठी टोपली. निखिल सशांचं गवत आणि भांडी बांधून तयार होता. मला त्याने दार उघडायला पाठवलं, कारण माझ्या हातून त्यात काही बिघडणार नव्हतं.

(पुढचं संभाषण इंग्रजीत झालं. मी मराठीत देतो. मराठीत ते थोडं कमी भयंकर वाटतं.)

"माफ करा," मी म्हणालो, "हे ससे देता येणार नाहीत."

माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. घरात कोणीतरी भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला.

"काही झालं का?" त्या गृहस्थाने विचारलं.

"काल माझ्या बायकोचं श्राद्ध होतं. कावळा यायचा होता. तो आला, पण माझं बोलणं ऐकून गेला. मग तिचं जेवण या सशांनी घेतलं. तिच्या वतीने."

"तुमच्या बायकोच्या… वतीने?"

"हो. ती वारली आहे."

बाईंनी दोन्ही मुलांना खांद्याला धरून एक पाऊल मागे घेतलं. मी थांबायला हवं होतं. पण अनेक वर्षं तुंबलेली नळी एकदा मोकळी झाली की तिला तोटी नसते. "त्यामुळे विधीत आता त्यांना स्थान आहे," मी म्हणालो. "दर वर्षी, याच तिथीला."

"विधी," ते गृहस्थ हळूच म्हणाले. "आणि विधीत सशांचं काय… करता?"

"केळीच्या पानावर—" मी सुरुवात केली. पण तोवर ते पायऱ्या उतरत होते. निखिल धावत बाहेर येऊन "तसं नाही, तसं नाही" म्हणेपर्यंत गाडी वळली होती. मागच्या काचेतून त्या गुलाबी फ्रॉकमधल्या मुलीने आमच्या घराकडे पाहून हात हलवला, मरणाऱ्याला निरोप द्यावा तसा. सोमवारी शेल्टरमधून एक बाई आल्या आणि दोन्ही ससे जिवंत असल्याची खात्री करून, मामलेदाराचं वजन जरा जास्त आहे असं लिहून गेल्या.

"बाबा," निखिल दारातच भिजत उभा राहून म्हणाला, "तुम्हाला द्यायचे नव्हते, तर आधी का नाही बोललात? मी तीनदा विचारलं तुम्हाला. तीनदा!"

"बोलणार होतो."

"कधी?"

याचं उत्तर मला आधी त्याच्या आईला द्यावं लागलं असतं. मी गवताची पिशवी उचलून आत नेऊन ठेवली. ताई स्वयंपाकघरातून सगळं ऐकत होती. तिने माझ्यापुढे चहा ठेवला आणि म्हणाली, "सशांसाठी बोललास हो." त्यातला 'सशांसाठी' हा शब्द तिने जरा जड टाकला. तिच्या दृष्टीने ती शिक्षा पुरेशी होती. माझ्या दृष्टीनेही.

ससे राहिले, म्हणून मीही राहिलो. खालच्या खोलीत आता निखिलने व्यायामाची सायकल ठेवली आहे. शनिवारी मी मॅचला जातो. खेळ अजून कळत नाही. चुकीच्या वेळी टाळ्या वाजवतो आणि मीरा दुरून डोक्याला हात लावते. पण निघताना तिला स्कोअर विचारतो आणि घरी येऊन तो मोठ्याने, स्पष्ट शब्दांत सांगतो. ऐकायला असतो मामलेदार. मी ऐन रंगात आलो, की तो पाठ फिरवून गवत चघळायला लागतो. परवा अगदीच राहवलं नाही, म्हणून मी त्याच्या पाठीला म्हणालो, "अहो, ऐकताय ना?"

त्याने एक कान हलवला. एकोणचाळीस वर्षांच्या संसारात मी तेवढाही हलवला नव्हता.